मागच्या बाकावरचा जुळारी

६ जानेवारी, सोमवार

प्रकाशक म्हणाला, "सर, पुस्तक लिहायचं तर हात वाहता हवा. रोज चार ओळी काहीतरी खरडत जा." म्हणून ही वही. पुस्तकाचं नाव ठरलं आहे, 'संगणकाच्या पोटात'. बारा प्रकरणं, जूनमध्ये बाजारात. अकरा वर्षं या संस्थेत हार्डवेअर शिकवतो आहे, पण दारावरच्या पाटीवर नाव लागलं ते संचालकबाईंचं. पुस्तकावर तरी माझं लागेल.

आज नवी तुकडी सुरू झाली. सोळा जण. पंधरा नेहमीचेच, विशीतले, खुर्चीत वितळल्यासारखे बसणारे. सोळावे गृहस्थ चोपन्न वर्षांचे. इस्त्रीचा शर्ट, नखांच्या कडा काळ्या, अगदी पहिल्या बाकावर, टेबलाला नाक लागेल असे. छापखान्यात एकतीस वर्षं शिशाचे खिळे जुळवायचे. एकेक अक्षर उचलून ओळ लावणारा जुळारी. आता मालक खिळे वितळवून संगणक आणतो आहे. म्हणाला आहे, मशिनांची देखभाल करता येते असं प्रमाणपत्र आणलंस तर ठेवतो, नाहीतर राम राम.

पहिल्या दिवशीची माझी ठरलेली गंमत केली. कॅबिनेट उघडून विचारलं, "याचं डोकं कुठे आहे?" सगळ्यांनी पडद्याकडे बोटं केली. दरवर्षी करतात. मी हसायला सुरुवात करणार, तेवढ्यात जुळारी उठले, पेटीत हात घातला, चाचपलं आणि म्हणाले, "ज्याच्या डोक्यावर पंखा आहे ना सर, तो. बाकी कोणालाच पंखा दिलेला नाही. म्हणजे साहेब तोच."

वर्ग हसला. उत्तर बरोबर होतं. माझी गंमत मात्र वाया गेली.

९ जानेवारी

आज डेटा शिकवला. संगणकाला फक्त दोनच गोष्टी कळतात, वीज आहे आणि वीज नाही. एक आणि शून्य. अशी आठ घरं म्हणजे एक बाइट. अक्षर असो, चित्र असो, गाणं असो, आत सगळं आकड्यांत. कॅपिटल ए म्हणजे पासष्ट. फळ्यावर छान मांडलं.

जुळाऱ्यांचा हात वर. "सर, अक्षर पण आकडा, हिशेबातली संख्या पण आकडा, आणि मशिनला द्यायचा हुकूम पण आकडाच म्हणालात. मग एखाद्या घरात पासष्ट सापडला, तर तो ए आहे, पासष्ट आंबे आहेत की हुकूम आहे, हे साहेबाला कसं कळतं?"

मी म्हणालो, "कळतं. म्हणून तर त्याला प्रोसेसर म्हणतात."

"हो, पण कशावरून?"

"पुढच्या भागात येईल ते."

पुढच्या कुठल्याही भागात ते येत नाही. घरी येऊन तीन पुस्तकं पाहिली. अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही कधी पडला नव्हता. बायकोनं विचारलं, "तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

१० जानेवारी

जुळाऱ्यांना मागच्या बाकावर बसवलं. "तुम्ही मोठे आहात, मुलांना फळा दिसत नाही." ते माझ्या खांद्याला लागतात, पण वर्गशिस्त म्हणून काही असतं. ते म्हणाले, "सर, मला पुढे जरा बरं पडतं." मी म्हणालो, "सगळ्यांनाच पडतं."

बरं म्हणून गेले. जाताना दोन बाकांना गुडघा आपटला. पाय उचलायचाही आळस.

२१ जानेवारी

मधल्या सुट्टीत दाराबाहेर उभा होतो. आत जुळारी मुलांना सांगत होते. चहाचे कप हातात, सगळे त्यांच्याभोवती. माझ्याभोवती कधी असे जमले नाहीत, आणि जमावेत असं मला वाटतही नाही. गुरू आणि शिष्यात अंतर हवं.

"अरे, खिळ्याला कुठे माहीत असतं तो कुठल्या शब्दात बसलाय? 'क' चा खिळा कमळात पण तोच आणि कफनात पण तोच. अर्थ खिळ्यात नसतो, जुळणीत असतो. तसंच हे. पासष्टाला काही माहीत नाही. साहेबापाशी एक खूण असते, आता पुढचा हुकूम कुठल्या घरातून उचलायचा त्याची. ती खूण त्या घरावर आली की पासष्ट हुकूम झाला. तोच पासष्ट पडद्याकडे पाठवला की ए झाला. बेरजेत घेतला की आंबे."

एका मुलीनं विचारलं, "आणि खूण चुकीच्या घरावर गेली तर?"

"तर मशिन आंबे हुकूम म्हणून पाळायला जाणार आणि गप्प पडणार. आपण म्हणतो ना, हँग झालं."

कुठून शिकले कोण जाणे. म्हणे, मुलीकडून रात्री एक पुस्तक वाचून घेतात. स्वतः वाचायचा कंटाळा!

दृष्टांत बरा होता. वर्ग सुटल्यावर प्रयोगशाळेतल्या माझ्या मशिनवर बसून दुसऱ्या प्रकरणात घातला. भाषा अर्थातच मी सुधारली. कफन काढलं.

५ फेब्रुवारी

आज रॅम. प्रत्येकाला एक पट्टी हातात दिली आणि वरचं लेबल वाचायला लावलं. जुळाऱ्यांची पाळी आली. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, तिरकी केली, मग बोटानं चाचपू लागले. शेवटी काहीतरी ठोकून दिलं. साफ चूक.

मी म्हणालो, "एकतीस वर्षं अक्षरं जुळवलीत आणि सहा आकडे वाचता येत नाहीत? तुम्हाला जुळारी कोण म्हणेल? अक्षरशत्रू म्हणायला हवं."

वर्ग खदखदून हसला. इतका हशा मला आजवर कधी मिळाला नव्हता. जुळारीही हसले, सगळ्यांत शेवटी. मग पट्टी टेबलावर ठेवायला गेले आणि टेबलाच्या कडेबाहेर सोडली. पट्टी खाली पडली. मी तेही सोडलं नाही.

दिवसभर मन प्रसन्न होतं. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती हसली नाही. तिला विनोद कळत नाही.

१२ फेब्रुवारी

आता सगळे त्यांना 'अक्षरशत्रू' म्हणतात. मी सुरुवात केली एवढंच. नाव चिकटतं तेव्हा त्यात काहीतरी तथ्य असतंच.

एक लिहून ठेवतो, कारण ही वही खोटं बोलायला नाही. आज ते जिन्यात बसले होते. कोणी पोरानं मागून हाक मारली, "ओ अक्षरशत्रू, डबा विसरलात." त्यांनी मागे वळून "आलो" म्हटलं. अगदी सहज. मी दोन पायऱ्या परत उतरलो. पण मग मी विचार केला, वाईट वाटलं असतं तर 'आलो' म्हणाले असते का?

१९ फेब्रुवारी

पाच नंबरचं मशिन बंद पडलं. बटण दाबलं की पडदा काळा आणि आतून बीप. मी वीजपुरवठ्याचा डबा उघडायला सांगितला. चार मुलं पेचकस घेऊन भिडली. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, लांब बीप येतेय, थांबून थांबून. वीज पोहोचतेय म्हणून तर बोलतंय ते. रॅम नीट बसली नसेल."

मी म्हणालो, "तिथून दिसतंय वाटतं तुम्हाला?"

"दिसत नाही सर. ऐकू येतंय."

आले, पेटीत हात घातला. डोळे मिटलेले! काय तो नाटकीपणा. पट्टी उपसली, खिशातून खोडरबर काढलं, पट्टीची सोनेरी कड घासली, पुन्हा बसवली. दोन्ही बाजूंना टक्-टक् आवाज आला. मशिन सुरू झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मी बीपांचा तक्ता काढून पाहिला. बरोबर होतं. आंधळ्याच्या हाती ससा लागतो तो असा.

२६ फेब्रुवारी

आज हार्ड डिस्कवर बोललो आणि छान बोललो. रॅम म्हणजे कामाचं टेबल, वीज गेली की मोकळं. डिस्क म्हणजे कपाट, वीज गेली तरी भरलेलं. पण कपाटालाही आयुष्य असतं. आत चकती फिरते, मिनिटाला हजारो फेरे, आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. धूळ शिरली, धक्का बसला, संपलं. "डिस्क मरणारच आहे," मी म्हणालो, "प्रश्न एवढाच की तुमच्याकडे दुसरी नक्कल असेल की नाही. ज्याच्याकडे नक्कल नाही तो या धंद्यात मूर्ख."

पुस्तकाची सात प्रकरणं झाली. आठवं चालू.

११ मार्च

टक्. टक्. टक्.

सकाळी साडेनऊपासून माझ्या मशिनमधून तोच आवाज. डिस्क फिरते, टोक शोधत जातं, सापडत नाही, परत येऊन आपटतं. तीन वेळा बंद करून चालू केलं. दुसऱ्या मशिनला जोडलं. टक्.

सात प्रकरणं. नक्कल नाही. फ्लॉपीवर ठेवू ठेवू म्हणत राहिलो.

मुलांना सांगितलं, प्रयोगशाळा आज बंद, रंगकाम आहे. कोणाला सांगणार? संचालकबाईंना? बायकोला कळलंच. ती म्हणाली, "आठवत असेल की तुम्हाला, तुम्हीच लिहिलेलं." बसून आठवलं. पहिल्या प्रकरणाची दीड पानं आठवली. बाकी काय लिहिलं होतं, कुठल्या क्रमानं, काही नाही. आपलंच लिहिलेलं आपल्याला न आठवावं याचं आश्चर्य वाटलं.

१३ मार्च

काल एक चमत्कार झाला. मुलांच्या बोलण्यातून कळलं की जुळारी घरी गेल्यावर रोजचा तास सगळाच्या सगळा मुलीला सांगतात आणि ती लिहून घेते. सहा जानेवारीपासून. तीन वह्या झाल्या आहेत.

मी आज त्यांना म्हटलं, "वह्या आणा. अंतर्गत गुणांसाठी तपासायच्या आहेत." फक्त त्यांच्याकडूनच मागितल्या तर बरं दिसणार नाही म्हणून आणखी दोघांकडून मागितल्या.

त्यांचा चेहरा असा फुलला की बघवेना. "सर, तुम्ही वाचणार? मुलगी म्हणतच होती, सरांना एकदा दाखवा. चुका असतील हो. मी माझ्या परीनं छापखान्यातली उदाहरणं घुसडली आहेत. राग मानू नका."

"बघू," मी म्हणालो.

१४ मार्च

तिन्ही वह्या वाचल्या. माझे तास आहेत, यात शंकाच नाही. क्रम माझा, मुद्दे माझे. फक्त मी बोललो त्याहून जरा जास्त आहे. जिथे मी घाईनं पुढे गेलो तिथे ते थांबले आहेत, मुलीला समजेपर्यंत. प्रश्न आले आहेत, उत्तरं आली आहेत. शेवटच्या पानांवर त्यांनी स्वतः लिहायचा प्रयत्न केलेला दिसतो. जाड पेन, एका पानावर सहा ओळी, अक्षर लिंबाएवढं, ओळ घसरत घसरत पानाबाहेर. कागदाची अशी नासाडी मी जन्मात पाहिली नाही.

उद्यापासून टंकायला घेतो. माझंच मला परत घ्यायचं आहे.

२४ मार्च

दिवसाला वीस पानं होत आहेत. यावेळी फ्लॉपीवर दोन नकला.

छापखान्याचे दृष्टांत ठेवले, कारण ते काढले की मजकूर खिळखिळा होतो. पण मला छापखान्यातलं कसं माहीत, असं वाचक विचारेल. म्हणून एक वाक्य घातलं, 'माझ्या आजोबांच्या छापखान्यात मी लहानपणी पाहिलं आहे.' आजोबा तलाठी कचेरीत होते, पण त्यांना वाचनाची आवड होती.

बायको टंकलेली पानं तपासते. आज म्हणाली, "ही पानं तुमची वाटत नाहीत."

"म्हणजे?"

"यात कोणीतरी समोरच्याला समजावं म्हणून बोलतंय."

"तुला संगणकातलं काय कळतं?"

"तेच म्हणते. मला काहीच कळत नव्हतं. हे वाचून कळलं."

दाद म्हणून घेतली.

२७ मार्च

परवा प्रात्यक्षिक परीक्षा. सुटं मशिन द्यायचं, दीड तासात जोडून चालू करायचं. शंभरपैकी चाळीसला पास.

संचालकबाई आज म्हणाल्या, "ते छापखान्याचे काका फार हुशार आहेत म्हणे. मुलं सांगत होती, सरांपेक्षा त्यांचंच जास्त समजतं." आणि हसल्या. मीही हसलो.

सात नंबरच्या मशिनच्या पुढच्या तारांवर, म्हणजे चालू करायचं बटण, रिसेट, दिवा यांच्या तारांवर, प्लॅस्टिकच्या टोप्या असतात. अक्षरं उठावाची, हाताला लागतील अशी. त्या जुन्या झाल्या होत्या. काढून टाकल्या. आता तारा फक्त रंगानं ओळखायच्या आणि मदरबोर्डवरची बारीक छापील अक्षरं वाचून बसवायच्या. ज्याला येतं त्याला येतं.

२९ मार्च, शनिवार

जुळाऱ्यांना सात नंबर दिला.

खरं ते लिहितो. पहिल्या चाळीस मिनिटांत त्यांनी जे केलं ते या वर्गात कोणाला जमलं नाही. प्रोसेसरचा खुणेचा कापलेला कोपरा अंगठ्यानं शोधून त्याला खाचेत अलगद सोडला, दाबला नाही. पंखा बसवला. रॅम, डिस्क, वीजपुरवठा, प्रत्येक खटका ऐकून. मान वर, नजर भिंतीकडे. बाहेरून आलेले परीक्षक थक्क झाले. माझ्या कानात म्हणाले, "हा माणूस हातांनी बघतो हो."

मग तारा आल्या. बोटं टोकांवरून फिरली, पुन्हा फिरली. थांबली.

"सर, यांच्या टोप्या निघाल्यात."

"रंग आहेत की."

त्यांनी तारा खिडकीच्या उजेडात धरल्या. डोळ्याला टेकवल्या म्हणावं इतक्या जवळ. पाच मिनिटं. दहा. घामाचा थेंब मदरबोर्डवर पडला आणि त्यांनी तो घाईघाईनं बाहीनं टिपला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "सर, बोर्डावर काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवाल का? जोडतो मी."

"परीक्षेत? मग उत्तरपत्रिकाही मीच लिहू?"

परीक्षक म्हणाले, "वाचायला काय हरकत आहे?" मी म्हणालो, "सगळ्यांना एकच न्याय."

ते अंदाजानं जोडत गेले. बटण दाबायचे, काही नाही. काढायचे, दुसरीकडे लावायचे. घंटा झाली तेव्हा मशिन मुकं होतं. सगळं बरोबर बसलेलं आणि मुकं. मी अडतीस दिले. परीक्षकांनी पन्नास म्हटलं होतं, पण सही माझी लागते. चालू न झालेल्या मशिनला पास कसं करणार?

जाताना ते म्हणाले, "माझीच चूक. घरी रंगांचा सराव करायला हवा होता." मग, "वह्या वाचल्यात का सर?"

"चालू आहे," मी म्हणालो.

८ एप्रिल

कळलं की छापखान्याच्या मालकानं दुसरा माणूस घेतला. आमच्याच तुकडीतला, तीन नंबरच्या बाकावरचा. त्याला रॅम उलटी बसवताना मी स्वतः पाहिलं आहे. पण एकोणसाठ गुण आहेत.

जुळाऱ्यांना शेवटचं काम खिळे वितळवायच्या भट्टीपाशी दिलं म्हणे. स्वतःचे खिळे स्वतःच ओतायचे. एक मुलगी हे सांगता सांगता वर्गात रडली. मी तिला बाहेर पाठवलं.

१९ एप्रिल

हस्तलिखित गेलं. वह्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. समासात माझ्या खुणा होत्या, म्हणून परत देता येईनात. आज रद्दीवाला आला होता.

१४ जून

पुस्तक हातात. मुखपृष्ठावर माझं नाव ठसठशीत. अर्पणपत्रिका 'माझ्या विद्यार्थ्यांना'. यावरून कोणी मला कंजूष म्हणू शकणार नाही.

संचालकबाईंनी सगळ्यांना बोलावून दुसऱ्या प्रकरणातला उतारा वाचला. 'अर्थ खिळ्यात नसतो, जुळणीत असतो.' म्हणाल्या, "सर, तुमच्यात हा माणूस दडला होता हे आम्हाला माहीतच नव्हतं." माझे डोळे भरून आले. बायको आली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, पर्स धरली होती.

५ जुलै, शनिवार

आज जुळाऱ्यांची मुलगी आली. पंचविशीची, कुठेतरी शिवणकामाच्या कारखान्यात आहे. हातात माझं पुस्तक. मला वाटलं, आता तमाशा होणार. कपाटाची किल्ली उगाच खिशात टाकली.

तिनं पुस्तक पुढे केलं आणि म्हणाली, "सही हवी आहे. बाबांसाठी."

मी लिहिलं, 'श्रमाला पर्याय नाही. शुभेच्छांसह.' तिनं वाचलं, मान डोलावली.

"मी रोज त्यांना वाचून दाखवते. दोनदा झालं वाचून. खूप आवडलं त्यांना. म्हणाले, सरांनी छान लावलंय. तीन ठिकाणी मात्र अडखळले, ते लिहून आणलंय. पुढच्या आवृत्तीत उपयोग होईल म्हणाले." कागद दिला.

मी विचारलं, "स्वतः का नाही वाचत ते?"

ती म्हणाली, "सर, तुम्हाला माहीत नाही? त्यांचे डोळे गेलेत. म्हणजे जात होते, दोन वर्षांपासून. मधला भाग जातो आधी. समोर बसलं की कडेकडेनं थोडं दिसायचं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, मालकाला कळलं असतं तर प्रमाणपत्राआधीच काढलं असतं. तुमच्यापाशी पण नाही बोलले. पण मला वाटलं, तुम्ही तीन महिने रोज बघत होतात..."

बाहेर कोणीतरी मशिन चालू केलं, एक लहान बीप झाली.

"मागे बसवलंत ते बरंच झालं म्हणतात. ऐकायची सवय लागली. आता उपयोगी पडते." हे ती कुठल्या स्वरात बोलली ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "मी बाईंना भेटणार आहे. तोंडी परीक्षा घेता येईल का विचारायला. शिकवायला मदतनीस म्हणून तरी इथे घेतलं तर... तेवढं तुम्ही एक शब्द टाकाल ना सर? आणि वह्या?"

"वह्या सापडत नाहीत," मी म्हणालो. "शब्द टाकतो."

ती गेल्यावर कागद पाहिला. पहिली चूक: 'पान बारा. एका बाइटात २५६ वेगवेगळे आकडे मावतात हे खरं, पण सर्वांत मोठा २५५ असतो, कारण मोजणी शून्यापासून.' बरोबर आहे. दुसरी: 'पान एकतीस. साहेब हुकूम डिस्कवरून थेट उचलत नाही, आधी ते रॅममध्ये आणावे लागतात.' बरोबर. तिसरी: 'पान सत्तेचाळीस. सरांच्या आजोबांच्या छापखान्यात खिळे वर्णक्रमानं ठेवत असतील तर माहीत नाही, पण आमच्याकडे कधीच नाही. ज्यांची सारखी गरज पडते ते हाताजवळच्या घरांत, क्वचितचे लांब. साहेबसुद्धा तसंच करतो. सारखं लागणारं तो अगदी जवळ, रॅमच्याही अलीकडे ठेवतो. हे पुस्तकात यायला हवं होतं. वहीत होतं.'

पहिल्या दोन दुरुस्त्या प्रकाशकाला कळवल्या. तिसरी छापखान्याबद्दल आहे, संगणकाबद्दल नाही, म्हणून सोडून दिली.

८ जुलै

संचालकबाईंनी बोलावलं. मुलगी भेटून गेली होती. त्या पाघळल्याच होत्या. "तोंडी परीक्षा घेऊ या. आणि मदतनीसाची जागा आहेच. मुलांना ते हवेच आहेत. तुमचं काय मत?"

मी म्हणालो, "बाई, मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. म्हणूनच बोलतो. त्यांना दिसत नाही. मुलीनंच मला विश्वासानं सांगितलं. ही विजेची प्रयोगशाळा आहे. उद्या वीजपुरवठ्याच्या उघड्या डब्यात हात गेला तर? संस्थेवर येईल, तुमच्यावर येईल."

"मशिन तर ते वीज काढूनच उघडतात ना?"

"वीज काढली तरी त्या डब्यात ती साठून राहते. पुस्तकात लिहिलंय मी."

त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे विचार करूनच म्हणत असाल." मुलीला पत्र पाठवायचं ठरलं. मजकूर बाईंना सुचेना, मी सांगितला. 'त्यांच्याच सुरक्षिततेसाठी' हे शब्द माझे.

घरी बायकोला सांगितलं. ती ताटं उचलत होती. म्हणाली, "तुम्हाला त्यांची भीती वाटते." आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजात मी काय उत्तर दिलं ते तिला ऐकू गेलं नाही.

२ ऑगस्ट

दुसरी आवृत्ती निघते आहे. दुरुस्त्यांसह.

१९ सप्टेंबर

दीड महिना काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. आज आहे, पण थोडक्यात लिहितो.

दुपारी तीनच्या सुमारास टपाल कचेरीसमोरच्या बसथांब्यावर उभा होतो. ऊन होतं. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. पाहिलं तर जुळारी. इस्त्रीचा शर्ट तसाच, बटण एक घर चुकवून लावलेलं. हातात पांढरी काठी आणि कापडी पिशवी. नखांच्या कडा आता स्वच्छ होत्या. थांब्यावर आम्ही दोघंच.

बस आली. त्यांनी माझ्या दिशेला मान केली, माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे, आणि म्हणाले, "अहो भाऊ, ही सतरा नंबर का?"

सतराच होती. डोक्यावर एवढा मोठा आकडा. मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी तीन महिने माझा आवाज शब्दन् शब्द ऐकला आहे. एक 'हो' म्हटलं असतं तरी ओळखलं असतं. मग काय बोलायचं? काय विचारलं असतं त्यांनी? मी श्वाससुद्धा हळू घेतला.

"भाऊ?" ते पुन्हा म्हणाले. "सतरा आहे का हो? दवाखान्यात जायचंय, तीनचीच गाठायची आहे."

कंडक्टरनं दाराबाहेर डोकं काढून पाहिलं. एक माणूस गप्प उभा, दुसरा त्याच्याकडे तोंड करून. त्याला वाटलं असेल कोणाला चढायचं नाही. घंटा वाजली. बस गेली.

थोड्या वेळानं एक बाई आल्या. जुळाऱ्यांनी त्या बाईंना विचारलं. "सतरा? आत्ताच गेली की काका. आता पावणेपाचला." आणि बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की तुम्ही उभे होतात ना इथे?

जुळारी म्हणाले, "असू दे. आली असेल आणि मला कळलं नसेल." काठीनं चाचपत मागे सरकले, कट्टा शोधला, बसले. पिशवी मांडीवर घेतली.

माझी बस आली, मी चढलो. खिडकीतून दिसत होते ते. उन्हात, मान वर करून, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाकडे कान देऊन.

मी काहीच केलं नाही.